सुएझने साम्राज्य बुडवलं की पौंडाने? (आणि आपल्या १३० कोटी पौंडांचं काय झालं)

कोरा_कागद

नमस्कार मंडळी.

ब्रिटिश साम्राज्याच्या उतरणीवर अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक टिपण करायचं आहे. पुस्तकी उत्तर ठरलेलं असतं: दोन महायुद्धांत ब्रिटन दमला, वसाहतींत चळवळी झाल्या, अमेरिका आणि रशिया पुढे आले. चूक काहीच नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. 'दमला' म्हणजे नेमकं काय संपलं? माणसं, जहाजं, सोनं, की हिंमत?

अडलेल्या गोष्टी अशा:

१) १९५६ ला सुएझमध्ये ब्रिटन-फ्रान्सचं सैन्य पुढे सरकत होतं. मग उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी लढाई थांबवली कशी? 'अमेरिकेने पौंड पाडला' असं सगळे लिहितात. पाडला म्हणजे काय केलं? किती डॉलर गेले?

२) दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन हिंदुस्थानचा देणेकरी झाला म्हणतात. राज्य त्यांचं, मग कर्ज आपल्याकडून कसं? आणि ते फेडलं का?

३) फळ्यावर एकच तारीख लिहायची तर कोणती? १९४७, १९५६ की आणखी कुठली?

---

खतावणी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

युद्धाआधी व्यवहार उलटा होता. हिंदुस्थान सरकारच्या नावावर लंडनमध्ये तीस कोटी पौंडांहून जास्त कर्ज होतं, बरंचसं रेल्वेचं. त्याचं व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतनं आणि लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च दरवर्षी इथून जायचा. दादाभाई ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर लिहीत होते ते हेच 'होम चार्जेस'.

१९३९ च्या शेवटी लंडन आणि दिल्ली यांच्यात संरक्षण खर्चाचा करार झाला. हिंदुस्थानने शांतताकाळातला नेहमीचा लष्करी खर्च (महागाईची वाढ धरून), स्वतःच्या बचावाचा खर्च आणि वर ठोक एक कोटी रुपये एवढंच द्यायचं, बाकीचा ब्रिटनने. तेव्हा युद्ध युरोपातच राहील असा लंडनचा हिशेब होता. पुढे पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका, ब्रह्मदेश असं सगळं पेटलं आणि ब्रिटनच्या वाट्याची बाजू फुगत गेली.

पैसा फिरायचा कसा, ते पायरीपायरीने बघा. मुलांना फळ्यावर हेच काढून दाखवा.

लंडनला तंबू, बूट, गणवेश, धान्य, ताग हवं. हिंदुस्थान सरकार इथल्या गिरणीला आणि व्यापाऱ्याला रुपयांत पैसे चुकतं करणार. त्या रकमेइतके पौंड ब्रिटन लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर जमा करणार. दर एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स. पौंडाचे २४० पेन्स, म्हणून पौंडाला १३.३३ रुपये. ते पौंड ब्रिटिश सरकारच्याच रोख्यांत आणि ट्रेझरी बिलांत गुंतवायचे. व्याज किरकोळ, एक टक्क्याच्या आसपास. मग रिझर्व्ह बँक त्या रोख्यांचा आधार दाखवून इथे नव्या नोटा छापणार. यात बेकायदा काहीच नव्हतं. १९३४ च्या कायद्याप्रमाणे नोटांमागे किमान ४० टक्के सोनं किंवा स्टर्लिंग (म्हणजे पौंडातले) रोखे हवेत. रोखे वाढले की नोटा वाढवायला वाट मोकळी.

म्हणजे माल बोटीत गेला आणि मागे नोटा राहिल्या. युद्ध सुरू झालं तेव्हा चलनात १८० कोटी रुपयांच्या आसपास नोटा होत्या, संपता संपता सुमारे १२०० कोटींच्या. माल तेवढाच, किंबहुना कमी, आणि नोटा सहापट. घाऊक भाव दुपटीच्या पुढे गेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणं अनेक आहेत, पण शेतमजुराच्या हातातला पैसा तांदळाच्या भावामागे धावू शकला नाही याची मुळं या नोटांत आहेत. मेलेल्यांचा सरकारी चौकशीचा अंदाज १५ लाख, नंतरच्या अभ्यासकांचा ३० लाखांच्या घरात.

तर 'कर्ज आपल्याकडून कसं' याचं उत्तर असं: कोणी राजीखुशीने दिलं नाही. महागाईच्या वाटेने लोकांच्या ताटातून काढलं आणि लंडनच्या खातेवहीत आपल्या नावे जमा दाखवलं. १९४५-४६ मध्ये ही शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांवर, म्हणजे १७३३ कोटी रुपयांवर पोहोचली होती. जुनं स्टर्लिंग कर्ज मधल्या काळात याच पैशातून जवळजवळ फेडून झालं.

आता हाच आकडा पलीकडच्या बाजूने पाहा. युद्ध संपताना ब्रिटनचं असं एकूण स्टर्लिंग देणं सुमारे ३५० कोटी पौंड होतं. घेणेकऱ्यांच्या यादीत हिंदुस्थान सगळ्यात वर, इजिप्तही मोठा. आणि ब्रिटनच्या तिजोरीतलं सोनं आणि डॉलर मिळून ६० कोटी पौंडांच्या आसपास. सहा रुपये देणं, एक रुपया खिशात. 'दमला' या शब्दाचा आकड्यातला अर्थ एवढाच.

---

कोरा_कागद

हे भन्नाट आहे. पण मग ब्रिटनने 'देत नाही जा' का म्हटलं नाही? सत्ता तर त्यांचीच होती.

---

खतावणी

म्हणायची इच्छा होतीच. चर्चिलचं म्हणणं असं की आम्ही तुम्हाला जपानपासून वाचवलं, त्याचंही बिल लावू. १९४५ च्या अमेरिकन कर्ज करारात तर या शिल्लकांचे तीन भाग करायचं कलमच होतं: काही लगेच मोकळं करायचं, काही १९५१ पासून हप्त्यांनी, आणि काही 'समायोजित' करायचं. हा शेवटचा शब्द सभ्य आहे, त्याचा अर्थ बुडवायचं.

त्याआधी जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सच्या जागतिक चलन परिषदेत हा विषय आपल्या शिष्टमंडळाने लावून धरला होता. नेते अर्थसदस्य जेरेमी रेझमन, पण बरोबर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख (आपले रायगडाजवळच्या नाते गावचे), षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ. मागणी अशी की या शिल्लकेचा निदान काही भाग नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत डॉलरमध्ये बदलून मिळावा. ब्रिटनच्या बाजूने केन्सने ठाम नकार दिला: हे ब्रिटन आणि हिंदुस्थान आपसात बघतील. अमेरिकेलाही नव्या निधीच्या गळ्यात जुनी उधारी नको होती. मागणी फेटाळली गेली.

बुडवलं का नाही? कारण पौंडाची सगळी इमारत 'लंडनमध्ये ठेवलेला पैसा सुरक्षित' या एका वाक्यावर उभी होती. एकाचं बुडवलं की मलाया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), ऑस्ट्रेलिया, इराक सगळे खाती रिकामी करायला रांगेत. पेढी आतून रिकामी असली तरी दुकान उघडं ठेवावं लागतं, तसं.

मग फेडलं का? फेडलं, पण कसं ते बघा.

१४ ऑगस्ट १९४७ ला, हो, बरोबर आदल्या दिवशी, एक हंगामी करार झाला. रिझर्व्ह बँकेची बँक ऑफ इंग्लंडमध्ये दोन खाती केली. क्रमांक १ चालू व्यवहाराचं, क्रमांक २ गोठवलेलं. दुसऱ्यात ११६ कोटी पौंड. त्यातून वर्षअखेरपर्यंत ३.५ कोटी मोकळे, शिवाय हाताशी ठेवायला ३ कोटी. म्हणजे स्वतंत्र भारताची जवळजवळ सगळी परकी गंगाजळी जुन्या मालकाच्या बँकेत कुलपात, आणि किल्लीही त्याच्याचकडे.

जुलै १९४८ च्या करारात १० कोटी पौंड ब्रिटिश सैन्याने इथे सोडलेल्या सामानाची आणि बांधकामांची किंमत म्हणून वळते केले. सुमारे १६.८ कोटी पौंड गोऱ्या अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या तरतुदीसाठी गेले. बाकीच्यातून तीन वर्षांत ८ कोटी मोकळे करायचं ठरलं.

नंतर १८ सप्टेंबर १९४९ ला पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला, म्हणजे साडेतीस टक्के खाली. आपल्या शिल्लकेची डॉलरमधली किंमत एका रात्रीत तेवढीच घसरली आणि भरपाई शून्य. रुपयाही आपण पौंडाबरोबर उतरवला. पाकिस्तानने उतरवला नाही. त्यांचे १०० रुपये आपल्या १४४ रुपयांचे झाले, आणि तागाचा व्यापार अडकला. ताग पूर्वेकडे पाकिस्तानात, गिरण्या कलकत्त्याला.

उरलेली रक्कम धान्य आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची यंत्रं आणण्यात गेली. १९५७-५८ पर्यंत तळ दिसू लागला. नोटांमागच्या राखीव निधीचा नियमच बदलावा लागला: आधी टक्केवारी होती, १९५७ पासून एकूण किमान २०० कोटी रुपये, त्यात ११५ कोटींचं सोनं. ४० टक्क्यांचा जुना नियम ठेवला असता तर योजनेसाठी खर्चायला परकी चलन हाताशी राहिलंच नसतं.

---

धक्क्यावरचा

पहिल्या प्रश्नावर लिहितो. सुएझबद्दल बरंच रंगवून सांगितलं जातं, म्हणून आधी तारखा.

२६ जुलै १९५६ ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. २९ ऑक्टोबरला इस्राएल सिनाईत शिरला. ३० ला ब्रिटन-फ्रान्सची निर्वाणीची मुदत, ३१ ला बॉम्बफेक. ५ नोव्हेंबरला छत्रीधारी उतरले, ६ ला समुद्रातून सैन्य, आणि ६ च्या मध्यरात्री युद्धबंदी. सैन्य पोर्ट सैदच्या दक्षिणेला सुमारे ३७ किलोमीटर पोहोचलं होतं. कालवा १६० किलोमीटरहून लांब.

आता 'पौंड पाडला' म्हणजे काय. अमेरिकेने ढिगाने पौंड विकले आणि भाव कोसळला, असं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते पुसून टाका. त्याची गरजच पडली नाही.

पौंडाचा दर २.८० डॉलर बांधलेला, दोन्हीकडे दोन सेंटची मोकळीक. २.७८ ला टेकला की बँक ऑफ इंग्लंडने डॉलर देऊन पौंड घ्यायचेच. फेब्रुवारी १९५५ पासून बँक परदेशी लोकांकडच्या पौंडालाही झुरिक आणि न्यूयॉर्कच्या बाजारात जवळपास याच दराने आधार देत होती. कागदावर पौंड परिवर्तनीय (डॉलरमध्ये खुलेपणाने बदलता येणारा) नव्हता, व्यवहारात झाला होता. ही फट १९४७ ला बुजवली होती, ती स्वतःच पुन्हा उघडली.

गंगाजळी आटते ती अशी: ब्रिटिश आयातदार डॉलरचं बिल महिनाभर आधीच चुकतं करतो, पौंड पडायच्या आत. परदेशी गिऱ्हाईक ब्रिटिश मालाचे पैसे लांबवतो, पौंड पडल्यावर स्वस्तात देऊ म्हणून. दोघांपैकी कोणीही सट्टेबाज नाही, कायदाही मोडत नाही. पण एकाने पंधरा दिवस पुढे आणि दुसऱ्याने पंधरा दिवस मागे केलं की एका महिन्याच्या व्यापाराएवढी तफावत गंगाजळीवर येते. त्यात ज्यांची खाती लंडनमध्ये आहेत ते देश पैसे हलवू लागतात. जुलैतच ब्रिटनने इजिप्तची स्टर्लिंग खाती गोठवली होती. नासरला धडा म्हणून ठीक, पण बाकीच्या खातेदारांनीही धडा घेतलाच की!

आकडे डॉलरमध्ये: सप्टेंबरात ५.७ कोटी घट, ऑक्टोबरात ८.४ कोटी, नोव्हेंबरात २७.९ कोटी. ऑक्टोबरअखेर २२४.४ कोटी होते, नोव्हेंबरअखेर १९६.५ कोटी. २०० कोटींची रेघ बाजाराच्या मनात पक्की होती. तिच्याखाली गेलो की लोक अवमूल्यन गृहीत धरतील, हे लंडनला माहीत होतं.

या जागी अमेरिकेने काय केलं? काही न करणं हेच हत्यार होतं. ब्रिटनला नाणेनिधीतून पैसे हवे, अमेरिकेचा हात वर झाल्याशिवाय मिळणार नाहीत. आयात-निर्यात बँकेचं कर्ज हवं, ती अमेरिकेचीच. १९४५ च्या कर्जाचा डिसेंबरचा हप्ता पुढे ढकलायचा, त्यालाही वॉशिंग्टनची संमती. आणि तेल. इजिप्तने जहाजं बुडवून कालवा बंद केला, ३ नोव्हेंबरला सीरियातली इराकच्या तेलवाहिनीची पंपिंग स्टेशनं उडाली, सौदीने ब्रिटन-फ्रान्सला तेल बंद केलं. उरलं अमेरिकेचं तेल, आणि त्याला डॉलर लागतात. अमेरिकेचे अर्थमंत्री हम्फ्री यांचं धोरण एका ओळीचं: सैन्य बाहेर, मग पैसे.

३ डिसेंबरला ब्रिटनने माघार जाहीर केली, ४ ला नोव्हेंबरची घट. लगेच त्याच महिन्यात नाणेनिधीने ५६.१ कोटी डॉलर रोख आणि ७३.९ कोटी गरजेला उचलायला, असे मिळून १३० कोटी मंजूर केले. ब्रिटनचा पूर्ण कोटा. शिवाय आयात-निर्यात बँकेचे ५० कोटी. २२ डिसेंबरला शेवटचे सैनिक निघाले. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग १७ डिसेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत चाललं. पंतप्रधान ईडनने ९ जानेवारीला राजीनामा दिला.

चूक कुठे झाली म्हणाल तर फ्रान्सकडे पाहा. त्यांनी हल्ल्याआधी, ऑक्टोबरातच, नाणेनिधीशी २६.२५ कोटींची सोय करून ठेवली होती. ब्रिटनने केली नाही. ब्रिटनचे अर्थमंत्री मॅकमिलन यांची खात्री होती की अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर तोंड फिरवून घेतील, आणि ६ नोव्हेंबरला तर तिकडे निवडणूक. शेतात नांगर घालायच्या आधी बैल कोणाचा ते बघावं लागतं.

गंमत म्हणजे अमेरिका साथ देईल असं सांगणारे मॅकमिलन, आणि ६ तारखेला पैसा संपतोय म्हणून थांबा म्हणणारेही मॅकमिलनच. त्यांनी मंत्रिमंडळापुढे आठवड्याभरात दहा कोटी पौंड गेल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात त्या आठवड्याची घट त्याच्या तिसऱ्या भागाएवढी होती. दहा कोटींच्या जवळचा आकडा सगळ्या नोव्हेंबरचा. पुढचे पंतप्रधानही तेच झाले, यावरून ज्याने त्याने काय ते समजावं.

---

तटबंदी

वरचं सगळं मान्य, पण धागा फार हिशेबनिसांच्या हातात गेला आहे. पैसा नसला की साम्राज्य जातं हे खरं असेल तर पोर्तुगालचं काय?

पोर्तुगाल महायुद्धात तटस्थ राहिला, दोन्हीकडे माल विकला, आणि सोन्याचा साठा घेऊन बाहेर पडला. ब्रिटनकडून त्याचंही स्टर्लिंग येणं होतं. तिजोरी भरलेली, चलन भक्कम. तरी १९ डिसेंबर १९६१ ला गोवा गेला, ४५१ वर्षांनी. त्याच वर्षी अंगोलात युद्ध सुरू झालं, मग गिनीत, मग मोझांबिकमध्ये. तेरा वर्षं लढले. शेवटी २५ एप्रिल १९७४ ला त्यांच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी लिस्बनचं सरकार उलथवलं. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने कागदावर मान्य केलं ते त्यानंतर, १९७४ च्या शेवटच्या दिवशी. इथे गंगाजळी आटली नाही, आटली ती सैनिकांची तयारी.

ब्रिटनच्या बाबतीतही माणसांची बाजू आहे. युद्धाच्या शेवटी हिंदी सैन्य २५ लाखांच्या घरात होतं. त्याआधी शतकभर साम्राज्याची ही फुकट छावणी होती: चीन, अबिसीनिया, मेसोपोटेमिया, जिथे पाहिजे तिथे पाठवा. १९४६ मध्ये त्या छावणीचा भरवसा संपला. १८ फेब्रुवारीला मुंबईत नौदलाच्या 'तलवार'वर खलाशांनी काम थांबवलं आणि ते लोण कराचीपर्यंत गेलं. आता लगेच 'बंडामुळे दुसऱ्याच दिवशी कॅबिनेट मिशन जाहीर झालं' असं टिपणात लिहू नका. घोषणा १९ ला झाली खरी, पण मिशन पाठवायचं आधीच ठरलं होतं. बंडाने एक शंका पक्की केली: पुढच्या वेळी गोळी झाडायला सांगितली तर हे लोक झाडतील का?

१९४७ नंतर ही छावणी गेल्यावर ब्रिटनला मलाया, कालव्याचा तळ, केनिया, सायप्रस इथे स्वतःची पोरं पाठवावी लागली. सक्तीची लष्करी सेवा शांततेतही चालू ठेवली: १९४९ पासून १८ महिने, कोरियाच्या युद्धामुळे १९५० मध्ये दोन वर्षं. गिरणीत काम करू शकणारा प्रत्येक तरुण दोन वर्षं बाहेर. सुएझनंतर एप्रिल १९५७ च्या संरक्षण श्वेतपत्रिकेने सक्ती बंद करायचं ठरवलं आणि सैन्य ६ लाख ९० हजारांवरून ३ लाख ७५ हजारांवर आणायचं. मग वसाहती सांभाळणार कोण?

पैसा तारीख ठरवतो. जायचं की राहायचं हे लोक ठरवतात.

---

खतावणी

पोर्तुगालचं उदाहरण चपखल आहे, मागे घेतो. पण एक जोडतो. तारीख ठरवणं ही लहान गोष्ट नव्हे. १९४७ चा फेब्रुवारी बघा. कडाक्याची थंडी, कोळसा संपलेला, कारखाने बंद. १८ तारखेला पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवल्याचं जाहीर केलं. २० ला पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडण्याची घोषणा केली. २१ ला वॉशिंग्टनला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा खर्च आम्हाला पुढे झेपणार नाही. चार दिवसांत तीन जागा. १२ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन तिथल्या काँग्रेसपुढे, म्हणजे संसदेपुढे, उभे राहिले आणि त्या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले. सत्ता सरकणं म्हणजे काय, ते याहून स्वच्छ कुठे दिसणार?

आणि त्याच उन्हाळ्यात दुसरा फटका. डिसेंबर १९४५ च्या कराराने अमेरिकेने ३७५ कोटी डॉलर दिले होते, २ टक्के व्याज, १९५१ पासून ५० वार्षिक हप्ते. अट अशी की कर्ज लागू झाल्यापासून वर्षाच्या आत पौंड डॉलरमध्ये बदलून द्यायचा. १५ जुलै १९४७ ला तो बदलता केला. नियम होता की फक्त नव्याने कमावलेला पौंड बदलेल, जुन्या शिल्लका नाही. पण जुना-नवा पौंड एकाच खात्यात आला की ओळखणार कसा? सगळ्या जगाला अमेरिकन गहू, कापूस, यंत्रं हवी होती आणि डॉलर मिळायची ही एकच खिडकी उघडली. पाच आठवड्यांत, २० ऑगस्टला, ती बंद करावी लागली. तोवर ३७५ कोटींपैकी ४० कोटीच उरले होते. १५ ऑगस्ट या पाच आठवड्यांच्या आत येतो, हे टिपणात घालाच.

---

मापात_पाप_नको

'१९४५ चं कर्ज फेडायला ब्रिटनला किती वर्षं लागली' हे कोणीतरी विचारेलच. शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये गेला. पन्नासऐवजी साठीकडे गेलं कारण हप्ते सहा वेळा पुढे ढकलले. बऱ्याच ठिकाणी 'अमेरिकेचं सगळं कर्ज फिटलं' असं वाचाल. ते दुसऱ्या महायुद्धाचं. पहिल्या महायुद्धाच्या कर्जाचे हप्ते ब्रिटनने १९३४ पासून भरलेलेच नाहीत.

तक्ता करताना चार ठिकाणी हमखास घसरायला होतं:

डॉलर आणि पौंड मिसळू नका. वर एकाच धाग्यात '१३० कोटी' दोनदा आलं आहे, एकदा पौंड (आपली शिल्लक), एकदा डॉलर (नाणेनिधी). १८ सप्टेंबर १९४९ च्या आधीचा पौंड ४.०३ ने गुणा, नंतरचा २.८० ने, १८ नोव्हेंबर १९६७ नंतरचा २.४० ने.

मिलियनचे कोटी करताना दहाने भागा. आणि जुन्या ब्रिटिश छापील मजकुरात 'बिलियन' दिसला तर थांबा. त्या काळी तिकडे तो दशलक्ष गुणिले दशलक्ष असायचा, अमेरिकेतला एक हजार दशलक्ष.

गंगाजळीचा आकडा महिनाअखेरचा असतो. मधल्या आठवड्यात काय झालं ते त्यात दिसत नाही. मॅकमिलनच्या 'दहा कोटीं'वर इतका वाद होऊ शकला तो त्यामुळेच.

आणि रुपयांतले आकडे फाळणीच्या आधीचे की नंतरचे ते लिहा. शिल्लकेतला वाटा पाकिस्तानलाही गेला.

---

धक्क्यावरचा

तिसऱ्या प्रश्नाचं कोणी बोललंच नाही. माझं मत १६ जानेवारी १९६८.

सुएझनंतर मॅकमिलननी जानेवारी १९५७ मध्येच प्रत्येक वसाहतीचा नफा-तोटा मांडायला सांगितला होता. त्या वर्षी घाना मार्चमध्ये आणि मलाया ऑगस्टमध्ये सुटले. कोको, रबर आणि कथील, म्हणजे डॉलर कमावणारी दोन सगळ्यात मोठी दुकानं. तरी एडन, सिंगापूर, आखात इथले तळ होतेच. जून १९६७ च्या युद्धात कालवा पुन्हा बंद, १८ नोव्हेंबरला पौंड २.८० चा २.४०. दोन महिन्यांत पंतप्रधान विल्सन यांनी संसदेत सांगितलं: सिंगापूर, मलेशिया आणि इराणी आखात १९७१ अखेर सोडणार. अमेरिकेकडून घ्यायची ५० एफ-१११ विमानंही रद्द.

या वेळी अमेरिका विनवत होती की राहा. व्हिएतनाममध्ये ती स्वतः अडकलेली. आखातातल्या शेखांनी तर तळाचा खर्च आम्ही देतो म्हटलं, तेही लंडनने नाकारलं. १९५६ ला 'निघा' म्हटल्यावर निघाले, १९६८ ला 'थांबा' म्हटलं तरी थांबले नाहीत. म्हणून ही तारीख.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, हे टिपणाच्या बरंच पुढे गेलं. फळ्यावर फेब्रुवारी १९४७ चे ते चार दिवस आणि १६ जानेवारी १९६८, दोन्ही लिहितो.

शेवटचा एक बारका प्रश्न. आखातात आपला रुपया चालायचा म्हणतात, तो या स्टर्लिंगच्या भानगडीत कुठे बसतो?

---

खतावणी

बसतो ना. कुवेत, बहारीन, कतार आणि आजचं अमिराती इथे रुपया हेच चलन होतं, कारण ब्रिटिशांचा तिथला कारभार मुंबई-दिल्लीहून चालायचा. स्वातंत्र्यानंतरही चालू राहिलं. अडचण अशी की तिथून रुपये परत आले की रिझर्व्ह बँकेला त्या बदल्यात पौंड द्यावे लागायचे, आणि सोन्याच्या चोरट्या व्यापारातले रुपयेही त्याच वाटेने यायचे. म्हणजे चोरट्या सोन्याची किंमत सरकारच परकी चलनात भरत होतं. म्हणून १९५९ मध्ये आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी इंग्रजी झेड. त्या भारतात चालायच्या नाहीत.

कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ ला आपण रुपया डॉलरला ४.७६ वरून ७.५० केला आणि बाकीच्यांनीही पाठ फिरवली. ओमानने १९७० पर्यंत चालवला. त्या झेडच्या नोटा आता नाणी-नोटा जमवणाऱ्यांच्या बाजारात दिसतात, नकलीही भरपूर. टिपणासाठी चित्र हवं असेल तर शंभराची घ्या, रंगातला फरक तिच्यात लगेच दिसतो.